क्लोरीनमध्ये अर्धा न्यूट्रॉन असतो का? समस्थानिकं आणि अणुवस्तुमान आठवी-नववीला कसं शिकवता?

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावात आठवी-नववीला विज्ञान शिकवते, एक तुकडी मराठी माध्यमाची, एक सेमीची. गेल्या आठवड्यात आठवीला अणूचे अंतरंग चालू होतं. अणुअंक झाला, अणुवस्तुमानांक झाला, हायड्रोजनची तीन समस्थानिकं फळ्यावर काढली, "अणुअंक समान पण अणुवस्तुमानांक भिन्न" ही व्याख्या दिली, मुलांनी लिहून घेतली, मला वाटलं चला एक धडा सरला. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलतो, तो उठून म्हणतो, "बाई, अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन ना, मग मागच्या तक्त्यात क्लोरीनचं ३५.५ लिहिलंय ते कसं काय, त्याच्यात अर्धा न्यूट्रॉन असतो का?"

वर्ग खो खो हसला. मी म्हटलं हसू नका, प्रश्न बरोबर आहे, अरे क्लोरीनचे ३५ वाले आणि ३७ वाले असे दोन प्रकारचे अणू असतात आणि ३५.५ ही त्यांची सरासरी आहे. झालं, पहिल्या बाकावरची मुलगी पेन घेऊन तयारच, "बाई, ३५ आणि ३७ ची सरासरी ३६ येते." तेवढ्यात घंटा झाली. नशीब माझं.

आता मला कळतंय की ही भारित सरासरी आहे, म्हणजे ज्या प्रकारचे अणू जास्त त्याचा वाटा जास्त धरायचा, पण हा शब्द आठवीच्या पोरांपुढे टाकला की त्यांचे डोळे दगडासारखे होतात. शेकडेवारी त्यांना येते. प्रयोगशाळेत आमच्याकडे एक तराजू आहे, त्याच्या वजनपेटीतली निम्मी वजनं कधीच गायब झालीत. आणि दुसरा घोळ म्हणजे समस्थानिक म्हटलं की अर्ध्या वर्गाला बॉम्बच आठवतो. तुम्ही हे कसं शिकवता, कुठून सुरू करता? व्याख्येपासून सुरू करणं चुकलं एवढं माझ्या लक्षात आलंय.

---

गल्ल्यावरचा_मास्तर

ताई, तो मुलगा सोन्यासारखा आहे, त्याला जपा. मी बावीस वर्षं शिकवतोय, हा प्रश्न मनात प्रत्येकाच्या असतो पण विचारतो दहा वर्षांत एखादा.

मी रुपयाच्या नाण्यांवर शिकवतो. घरातला सुट्ट्या पैशांचा डबा उपडा करा. त्यात १९९२ नंतरचे जुने रुपये सापडतील, व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. आणि २०११ पासूनचे नवे, व्यास २२ मिलिमीटर, वजन ३.७९ ग्रॅम. दोन्ही एकाच जातीच्या स्टेनलेस स्टीलची आणि दुकानदार दोन्ही रुपया म्हणूनच घेतो, जुना जड आहे म्हणून एक चॉकलेट जास्त देत नाही. आता मुलांना विचारायचं की दुकानदार काय बघतो? किंमत. तसं रसायनशास्त्र काय बघतं? प्रोटॉन किती, म्हणजे अणुअंक. सतरा प्रोटॉन असले की तो क्लोरीन, मग आत न्यूट्रॉन १८ असोत नाहीतर २०, सोडियमशी मीठ सारखंच करणार.

मग एका डब्यात १५ नवे आणि ५ जुने रुपये टाका. ही ७५-२५ ची वाटणी मुद्दाम, कारण निसर्गात क्लोरीनचीही जवळपास तीच आहे, शंभरात सुमारे ७६ अणू ३५ वाले आणि २४ अणू ३७ वाले. वजनपेटीचं टेन्शन घेऊ नका, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा चालतो. फक्त एकेक नाणं ठेवायचं नाही, वीसच्या वीस एकदम ठेवायची आणि मग वीसने भागायचं. १५ गुणिले ३.७९ झाले ५६.८५, ५ गुणिले ४.८५ झाले २४.२५, एकूण ८१.१०. काटा ८१ दाखवेल. एका नाण्यामागे साधारण ४.०५.

इथे थांबायचं. घाई करायची नाही. आणि शांतपणे म्हणायचं, "या डब्यातून मला ४.०५ ग्रॅमचं एक नाणं काढून द्या."

पोरं शोधतात हो! खरंच शोधतात. दोन मिनिटांनी कोणीतरी म्हणतं सर असं नाणंच नाहीये. बस, तुमच्या अर्ध्या न्यूट्रॉनचं उत्तर तिथे मिळालं. ३५.५ वजनाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही, तो आकडा डब्याचा आहे, नाण्याचा नाही. आणि त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला सांगा की तुझं ३६ तेव्हा बरोबर आलं असतं जेव्हा डब्यात दोन्ही नाणी निम्मी निम्मी असती. इथे हलकी जास्त आहेत म्हणून सरासरी हलक्याकडे झुकली. भारित बिरित शब्द नंतर, नववीत द्रव्याचे मोजमाप येतं तेव्हा.

माझं एक वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायम असतं: अणुवस्तुमानांक मोजायचा, अणुवस्तुमान तोलायचं. पहिला पूर्णांकच येणार कारण आपण कण मोजतोय, एक दोन तीन. दुसरं तोललेलं, तेही ढिगाचं सरासरीने, तिथे अपूर्णांक येणारच.

---

सारण_भरपूर

मी मोदकाचं उदाहरण देते, बाहेरून सगळे सारखे आणि आत सारण कमी जास्त. मुलांना लगेच आवडतं, डबा खायच्या सुट्टीच्या आधी मात्र सांगू नये 😄

---

गल्ल्यावरचा_मास्तर

@सारण_भरपूर मोदक मलाही आवडतात पण एक अडचण आहे बघा. मोदकात सारण कितीही असू शकतं, पाव चमचा कमी, अर्धा जास्त. म्हणजे मुलांच्या डोक्यात परत तोच अर्धा न्यूट्रॉन. नाण्याचं बरं असतं की ते एकतर ह्या साच्यातलं नाहीतर त्या साच्यातलं, मधलं काही नाही. हरभरे, राजमा घेऊन करतात काहीजण, तिथेही तोच प्रश्न, प्रत्येक दाणा वेगळ्याच वजनाचा. फारतर शेंगदाण्याची शेंग घ्या, आत दोन दाणे नाहीतर तीन, अडीच नाही.

---

एलसीएमएस_रात्रपाळी

मी शिक्षक नाही, औषधाच्या कंपनीत अ‍ॅनालिटिकलला आहे, मास स्पेक्ट्रोमीटरवर बसतो, सध्या रात्रपाळी चालू आहे म्हणून यावेळी टाइप करतोय. तुमच्या मुलांना सांगा की हा ३५-३७ चा प्रकार आम्ही रोज डोळ्यांनी बघतो, फक्त पुस्तकातली गोष्ट नाहीये ती.

गुडघ्याला मुरगळलं की लावतो ना जेल, त्यातलं डायक्लोफेनॅक. त्याच्या रेणूत दोन क्लोरीन आहेत. बाटलीच्या लेबलवर या औषधाचं रेणुवस्तुमान २९६.१५ लिहिलेलं असतं. पण मशीन ढिगाचं वजन करत नाही, ते एकेका प्रकारच्या रेणूला वेगळं काढतं, त्यामुळे आलेखावर एक पीक (उंच टोक) येत नाही, तीन येतात, २९५ चा, २९७ चा आणि २९९ चा. (मशीनमध्ये रेणूला एक प्रोटॉन चिकटतो त्यामुळे स्क्रीनवर आकडा एकाने वाढलेला दिसतो, पण ते मुलांना सांगू नका, उगाच गोंधळ.) २९५ म्हणजे दोन्ही क्लोरीन हलके, २९७ म्हणजे एक हलका एक जड, २९९ म्हणजे दोन्ही जड. आणि उंची साधारण ९ ला ६ ला १. हे ९:६:१ कुठून आलं ते नववी-दहावीच्या मुलाला सुटतं, हलका यायची शक्यता पाऊण, जड यायची पाव, दोनदा नाणं उडवल्यासारखं करा.

आणि ब्रोमीन तर अजून भारी. ब्रोमीनचं अणुवस्तुमान ७९.९०, पुस्तकं सरळ ८० लिहितात. आता मुलांना विचारा ब्रोमीनच्या अणूचं वस्तुमान किती, सगळी म्हणतील ८०. निसर्गात ८० वाला ब्रोमीन नसतोच! एक ७९ वाला, एक ८१ वाला, जवळजवळ निम्मे निम्मे. खोकल्याच्या औषधातलं अँब्रोक्सॉल लावलं की दोन ब्रोमीनमुळे तीन पीक दिसतात १:२:१. आमच्याकडे नवीन मुलगा आला की मी पहिला हाच प्रश्न टाकतो, एमएस्सी झालेले अडकतात, खोटं नाही सांगत.

म्हणजे पूर्णांक दिसला की एकच समस्थानिक असं नसतं. उलट फ्लोरीन, सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, फॉस्फरस, आयोडीन, सोनं यांचं निसर्गात खरंच एकेकच. आणि कथिलाची तब्बल दहा टिकाऊ समस्थानिकं.

---

नववीचा_बाप

सगळं छान आहे पण माफ करा, परीक्षेला "समस्थानिके म्हणजे काय, उदाहरण द्या" एवढंच येतं दोन मार्काला. नाणी तोलत बसलात तर पुढचे धडे कोण घेणार? आमच्या मुलीच्या शाळेत प्रयोग प्रयोग करत दिवाळी आली आणि शेवटचे चार धडे झेरॉक्सवर उरकले.

---

खडूची_धूळ

@नववीचा_बाप तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, पोर्शनची तलवार माझ्याही डोक्यावर असते. पण हे आत्ता नीट बसलं नाही तर नववीला मोल (अणू-रेणूंचा ढीग मोजायचं एकक) येतो तेव्हा सगळं ढासळतं. एचसीएलचं (हायड्रोजन क्लोराइडचं) ३६.५ का धरायचं, कधी ३५ घ्यायचे कधी ३५.५, मुलं पाठ करतात आणि विसरतात. एक तास घालवीन म्हणते.

@गल्ल्यावरचा_मास्तर सर, "४.०५ ग्रॅमचं नाणं काढून द्या" हे उद्याच करणार.

---

जुनं_दप्तर

खडूताई, मी निवृत्त आहे, वेळच वेळ, त्यामुळे थोडं लांबेल. मी या धड्याला कायम गोष्टीपासून सुरुवात करायचो आणि गोष्ट तुमच्या त्या मुलाचीच आहे, फक्त दोनशे वर्षं जुनी.

१८१५ साली विल्यम प्राउट नावाच्या इंग्रज डॉक्टरने म्हटलं की सगळ्या मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं हायड्रोजनच्या पटीत असावीत, म्हणजे पूर्णांकात. कल्पना किती सुंदर, सगळं एकाच विटेचं बांधकाम. आणि या कल्पनेच्या पायात काटा कोणी घातला? क्लोरीनने. कितीही काळजीपूर्वक तोला, ३५.५ च्या आसपासच येणार. शंभर वर्षं लोक तोलत बसले, तोलणं अचूक होत गेलं तसं ते अर्धं जास्तच घट्ट बसलं. म्हणजे तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाने ज्या जागी बोट ठेवलं तिथेच मोठमोठी माणसं अडकली होती, हे त्याला वर्गासमोर सांगा.

मग १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी. तो किरणोत्सारी पदार्थांवर काम करत होता आणि त्याच्या लक्षात आलं की काही पदार्थ वजनाने वेगळे आहेत पण रसायनाच्या कुठल्याही युक्तीने एकमेकांपासून सुटत नाहीत, आवर्तसारणीत त्यांना एकाच घरात बसवावं लागतंय. यांना नाव काय द्यायचं? ग्लासगोत एका घरगुती जेवणाच्या वेळी मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी ग्रीकमधून शब्द सुचवला, आयसोस म्हणजे सम, टोपोस म्हणजे स्थान. आता बघा, इंग्रजी माध्यमाच्या मुलाला आयसोटोप हा नुसता आवाज आहे. आपल्या मुलाला समस्थानिक म्हटलं की अर्थ शब्दातच पडलाय, सम स्थान असलेला, एकाच घरात राहणारा. मराठी तुकडीला हे सांगा, जरा छाती फुगू दे, एरवी सेमीवाले त्यांना कमी लेखतात.

दुसऱ्या बाजूने १९१२-१३ च्याच सुमारास जे. जे. थॉमसनला निऑनमध्ये २० आणि २२ असे दोन प्रकार दिसले होते. त्याचा सहायक अ‍ॅस्टन, त्याने युद्धानंतर १९१९ मध्ये मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला, रात्रपाळीवाल्या मित्राच्या यंत्राचा तो आजोबा. क्लोरीन आत टाकला आणि ३५ वर एक रेघ, ३७ वर दुसरी, ३५.५ वर काहीही नाही! शंभर वर्षांचा काटा निघाला. सॉडीला १९२१ चं आणि अ‍ॅस्टनला १९२२ चं रसायनाचं नोबेल.

शिशाचीही गोष्ट आहे. युरेनियमच्या खनिजातून काढलेलं शिसं तोललं तर २०६ च्या जवळ येतं, साधं शिसं २०७.२. अमेरिकेत रिचर्ड्सने हे १९१४ च्या सुमारास तोलून दाखवलं. एकच मूलद्रव्य, दोन खाणींत दोन वजनं. म्हणजे डबा बदलला की सरासरी बदलते.

आणि यातली गंमत अशी की हे सगळं घडलं तेव्हा न्यूट्रॉन सापडलेलाच नव्हता, तो चॅडविकला १९३२ मध्ये सापडला. म्हणजे माणसांना समस्थानिकं आधी कळली आणि न्यूट्रॉन नंतर, आपण वर्गात नेमकं उलटं शिकवतो, आधी न्यूट्रॉन मग व्याख्या, मग मुलाला प्रश्न पडायला जागाच राहात नाही. तुमच्याकडे पडला हे तुमचं भाग्य.

---

खडूची_धूळ

आले परत. केलं!! पाच गट, प्रत्येकाला एक रुपयाची वीस नाणी, काटे दोनच, गटागटांत फिरवले, एक माझ्या घरातला, दुसरा शेजारच्या काकूंकडून आणलेला आणि तो पहिल्यापेक्षा एक ग्रॅम जास्त दाखवत होता, ते एक वेगळंच महाभारत.

चार गटांचं ठीक आलं. ४.०५ चं नाणं शोधायला सांगितल्यावर खरंच सगळे डब्यात डोकं घालून बसले. मागच्या बाकावरचा माझा मुलगा पहिला म्हणाला, "बाई, म्हणजे कापलेलं नाणं कुठेच नाहीये." मी म्हटलं हो रे राजा.

पाचव्या गटाचं मात्र बिनसलं. त्यांनी मोजली १५ नवी ५ जुनी, हिशेबाने ८१ यायला हवे, काटा दाखवतो ८०. दोन्ही काट्यांवर करून बघितलं, फरक काढून टाकला तरी एक ग्रॅम कमीच. मी म्हटलं झिजली असतील. पण झिजून एवढं? मुलगी हट्टाला पेटली, एकेक नाणं दुसऱ्यावर ठेवून बघत सुटली आणि एक नाणं बाकीच्या "नव्या" नाण्यांपेक्षाही लहान निघालं. २०१९ च्या मालिकेतलं, २० मिलिमीटर, ते ३.०९ ग्रॅमचं असतं हे मी नंतर घरी येऊन शोधलं. हिशेब केला तर ८०.४० येतो, काटा ८० दाखवणार, बरोबर आहे. ती ओरडलीच, "बाई, तिसरं समस्थानिक!" खरं सांगते, हे मी ठरवून केलं असतं तर जमलं नसतं.

मास्तर, तुमच्या त्या दोन साच्यांच्या डब्यात सरकारने तिसरा साचा घातला.

आता नवीन प्रश्न आलाय आणि हा मला नीट येत नाही. एकजण म्हणाला नाणी आपण वेगळी करू शकतो, मग हलका क्लोरीन आणि जड क्लोरीन वेगळे करता येतात का, रसायनाने तर सगळे सारखेच वागतात ना. मी म्हटलं विचारून सांगते.

---

रेवदंड्याचा_वारा

ताई, याचं उत्तर आमच्या जिल्ह्यातच आहे. रायगडमध्ये थळला जड पाण्याचा कारखाना आहे, खताच्या कारखान्याला लागून. मी रसायन अभियांत्रिकीचा, या क्षेत्रात वर्षं काढली आता घरी नारळ मोजतो.

"रसायनाने सारखेच वागतात" हे नव्याण्णव टक्के खरं धरा. जड अणू जरा सुस्त असतो, त्याचे बंध तोडायला किंचित जास्त जोर लागतो. क्लोरीनमध्ये ३५ ला ३७ म्हणजे फरक अगदी थोडा, त्यामुळे सुस्ती जाणवतच नाही. पण हायड्रोजनमध्ये १ ला २ म्हणजे थेट दुप्पट! तिथे फरक पडतो. जड हायड्रोजनला ड्युटेरियम म्हणतात, निसर्गात साधारण साडेसहा हजार हायड्रोजनमागे एक. थळला करतात काय तर खताच्या कारखान्यातला हायड्रोजनवाला वायू आणि द्रव अमोनिया यांची गाठ घालतात, मोठ्या दाबाखाली, मोठाल्या मनोऱ्यांत. ड्युटेरियमला अमोनियात बसणं किंचित जास्त आवडतं, तो वायू सोडून अमोनियात जातो. एकदा केलं तर काहीच हाती लागत नाही, पण टप्प्यामागून टप्पा केला की साचत जातो. ताक घुसळल्यासारखं, पहिल्या फेऱ्यात लोणी दिसत नाही.

या ड्युटेरियमचं केलेलं पाणी म्हणजे जड पाणी. ते कशाला लागतं? तारापूर अणुवीज केंद्राचे १९६९ मध्ये सुरू झालेले पहिले दोन संच साध्या पाण्यावरचे, त्यांना समृद्ध युरेनियम लागतं, म्हणजे अणुभट्टीत फुटणारा २३५ वाला ज्यात वाढवलेला असतो ते. नंतरचे तीन आणि चार नंबर, ५४० मेगावॉटचे, ते जड पाण्यावरचे, त्यात जसं खाणीतून येतं तसं नैसर्गिक युरेनियम चालतं. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ वाला फक्त ०.७ टक्के, बाकी सगळा २३८. साधं पाणी न्यूट्रॉन गिळतं, जड पाणी फारसं गिळत नाही, म्हणून एवढ्याशा २३५ वरही काम भागतं. इथे समस्थानिकातला फरक थेट विजेच्या बिलापर्यंत येतो.

मुलांना आवडेल असं म्हणजे जड पाणी ३.८ अंशाला गोठतं, शून्याला नाही. आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तळाशी जातो! दिसायला साधा बर्फच. आणि बॉम्बवाल्या पोरांना सांगा की ड्युटेरियम किरणोत्सारी नाहीच, ते आत्ता त्यांच्या पाण्याच्या बाटलीत आहे. क्लोरीनची दोन्ही समस्थानिकंही शांत आहेत. समस्थानिक म्हणजे किरणोत्सारी असं नाही, काही असतात, कार्बन-१४ आहे, थायरॉइडला देतात ते आयोडीन-१३१ आहे, बाकी आपल्या ताटातल्या मिठात दोन्ही क्लोरीन गुण्यागोविंदाने नांदतात.

---

दशांशचिन्ह

दोन-तीन बारीक गोष्टी, कुणाचा हिरमोड करायचा नाहीये.

एक, नाण्यांमध्ये जड नाणं आकारानेही मोठं आहे त्यामुळे मुलांना वाटेल क्लोरीन-३७ चा अणू मोठा असतो. तसं नाही. अणूचा आकार इलेक्ट्रॉनांवर ठरतो, ते दोघांत १७ च, आकार जवळजवळ तोच. केंद्रक एवढंसं की त्यात दोन न्यूट्रॉन वाढले काय नि कमी झाले काय, बाहेरून पत्ता लागत नाही. हे तोंडाने सांगावंच लागेल.

दोन, कुणी हुशार मुलाने ३५ गुणिले ०.७५७६ अधिक ३७ गुणिले ०.२४२४ केलं तर त्याचं ३५.४८ येईल आणि तक्त्यात ३५.४५ आहे. तो चुकलेला नाही. ३५ हा मोजलेला आकडा, त्या अणूचं खरं वस्तुमान ३४.९६९ डाल्टन (अणूंच्या वस्तुमानाचं एकक), दुसऱ्याचं ३६.९६६. ते घातले की बरोबर ३५.४५ येतं. कण एकत्र बांधले गेले की थोडं वस्तुमान बांधणीच्या ऊर्जेत जातं, आठवीला एवढ्यावर सोडून द्या. फक्त कार्बन-१२ चं नेमकं १२, कारण मोजपट्टीच त्याच्यावर बेतलीय. तरी तक्त्यात कार्बन १२.०११ का, तर शंभरात एखादा कार्बन-१३ असतो म्हणून. हा प्रश्न परीक्षेत यायला हवा खरं तर.

तीन, कुणीतरी विचारेल की मी मूठभर नाणी घेतली तर कधी ३ जड येतात कधी ७, मग क्लोरीनचं दर वेळी ३५.४५ कसं? कारण तुमची मूठ वीस नाण्यांची आहे. एक मिलिग्रॅम मीठ, म्हणजे बोटाला चिकटेल त्याहून कमी, त्यात क्लोरीनचे अणू एकावर एकोणीस शून्यं एवढे. एवढ्या मोठ्या डब्यात वाटणी हलत नाही. अगदीच हलत नाही असंही नाही, म्हणजे जुनं दप्तर काकांनी शिशाचं सांगितलं तसं, कुठल्या ठिकाणचा नमुना यावर शेवटची घरं बदलतात, म्हणून आता प्रमाण तक्त्यात क्लोरीनला एक आकडा न देता ३५.४४६ ते ३५.४५७ अशी पट्टी देतात.

---

जुनं_दप्तर

खडूताई, तुमच्या पाचव्या गटाचं वाचल्यापासून मला चैन नाही. त्या मुलीला सांगा की १९३१ साली अगदी हेच झालं होतं. हायड्रोजनचं वजन रसायनवाल्यांनी काढलेलं एक आणि अ‍ॅस्टनच्या यंत्राने काढलेलं दुसरं, दोन्हींचा मेळ नीट बसेना. बर्ज आणि मेंझेल नावाच्या दोघांनी म्हटलं की डब्यात एखादं जड नाणं लपलेलं असणार, साडेचार हजारांत एक. ते वाचून हॅरॉल्ड युरी शोधायला लागला, द्रवरूप हायड्रोजन सावकाश उडवून तळाशी राहिलेलं तपासलं आणि ड्युटेरियम सापडलं. १९३४ चं नोबेल मिळालं.

आणि मग काही वर्षांनी कळलं की अ‍ॅस्टनचा तो आकडाच किंचित चुकला होता. तो बरोबर असता तर दोन आकड्यांचा मेळ बसला असता आणि कुणी शोधायलाच गेलं नसतं. युरीने स्वतः हे कबूल केलं.

तेव्हा शेजारच्या काकूंचा काटा परत करू नका एवढ्यात.

---

खडूची_धूळ

काका 😂 काटा आजच परत केला, त्यांना शंकरपाळ्याचं पीठ मोजायचं होतं.

बर्फ बुडतो हे सांगितल्यावर सगळ्यांना तो बघायचाय, त्याला मी काय करणार. गृहपाठ दिलाय ब्रोमीनचा, तक्त्यात ८० आहे तर निसर्गात याची किती समस्थानिकं असतील आणि कोणती असू शकतील, कारण द्या. पस्तीस वह्या आल्या. एकतीस जणांनी लिहिलंय "एकच, ८०". तिघांनी ७९ आणि ८१ लिहिलंय, त्यातल्या दोघांचं मोबाइलवरून आलंय हे अक्षरावरून कळतं. आणि मागच्या बाकावरच्याने लिहिलंय "सांगता येत नाही, डबा उघडून बघावा लागेल."

त्याला किती मार्क देऊ?

---

एलसीएमएस_रात्रपाळी

पूर्ण. आणि बारावी झाली की आमच्याकडे पाठवा.